पचनाचे दोन शब्द

अपचनास इंग्रजींत 'इंडायजेशन' असा शब्द असतांना वैद्य 'डिस्पेप्सिया' कां म्हणतात, अशी शंका विद्यार्थ्यांस येते. पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक. 'डायजेशन' याच्या लॅटिन धातूचा अर्थ 'निरनिराळें करणें', म्हणजे अन्नाचें विभाजन. ग्रीक 'पेप्सिस' याचा अर्थ मात्र 'शिजणें, पिकणें'. जठरांत शरीराच्या उष्णतेनें अन्न शिजतें, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. १८३६ सालीं थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानें जठररसांतील पाचक द्रव्यास 'पेप्सिन' हें नांव दिलें, तें याच शब्दावरून.

आतां आपला 'पचन' शब्द पाहा. संस्कृत 'पच्' म्हणजे शिजविणें; पाक, पक्व, पक्वान्न हीं त्याचींच रूपें. हा 'पच्' व ग्रीक 'पेप्सिस' यांचें मूळ एकच. ग्रीक 'डिस्' हाही आपल्या 'दुस्' या उपसर्गाचा भाऊ. म्हणजे डिस्पेप्सिया हें केवळ 'दुष्पचन' होय! इंग्रजी 'कुक' हा शब्दही लॅटिनच्या द्वारें याच कुळांतून आला आहे.

यास्तव, बालमित्रहो, कठीण शब्द नुसता घोकूं नका. घोकलेला शब्द कच्च्या अन्नाप्रमाणें परीक्षेपुरताच पोटांत राहतो. ज्याचें मूळ शोधलें, तो अंगीं लागतो.