नव्या कॉलसाइनला उत्तर

संपादकांनी मला पाठवलं होतं ते आपत्तीत धावून जाणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींवर लिहायला. त्या गोष्टी सांगाव्यात अशाच आहेत. 1921 साली कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू '2जेके' या कॉलसाइनवर, म्हणजे रेडिओवरच्या ओळखचिन्हावर, बोलू लागले आणि भारतात हौशी रेडिओ सुरू झाला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी भूकंपाने हादरली तेव्हा हॅम आपापले संच घेऊन तिथे पोचले. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली त्या वेळी हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी रेडिओ मोहिमेसाठी आधीच पोर्ट ब्लेअरला होते. मोहीम बाजूला ठेवून ते निरोप पोचवण्याच्या कामाला लागले.

पण पुण्यातल्या एका क्लबात जाऊन बसल्यावर मी गुंतलो तो रविवार सकाळच्या नेटमध्ये. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर लागणारी हजेरी. कंट्रोलला एक जण बसतो आणि बाकीचे आपलं कॉलसाइन सांगून आत येतात. इथे कंट्रोलला एक ताई असतात. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे घाबरलेल्या माणसाला बोलतं करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बहुतेक नेटवर जुन्यांची हजेरी आधी होते, गप्पा रंगतात आणि शेवटी कुणी नवीन आहे का असं विचारलं जातं. तोवर नवखा कंटाळून संच बंद करून गेलेला असतो. ताई नव्यांना सर्वांत आधी घेतात. विचारल्यावर लगेच पुढे जात नाहीत. चांगला वेळ गप्प राहतात, आणि मधे तोंड घालणाऱ्या जुन्या मेंबराला शांतपणे थांबवतात. या थांबण्याला धीर लागतो. पलीकडे कुणीतरी पीटीटीच्या, म्हणजे बोलण्याच्या, बटणावर अंगठा ठेवून हिंमत गोळा करत असतं.

एखादं व्हीयू3 ने सुरू होणारं, नव्या परवानाधारकाचं कॉलसाइन चाचरत आलं की त्या सोपा प्रश्न विचारतात: तुम्ही आता घरात कुठे उभे आहात? याचं उत्तर कुणालाही देता येतं आणि त्यात तांत्रिक तपासणीही होऊन जाते. आवाज तुटत असेल तर सिमेंटच्या भिंतींमधून खिडकीशी यायला सांगतात, मग गॅलरीत. तिथे आवाज स्वच्छ झाला की त्या माणसाला रेडिओतली पहिली गोष्ट कळलेली असते.

नव्या माणसाला परतवणारी दुसरी एक गोष्ट मात्र यंत्रातच दडलेली आहे. टेकडीवरचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणारा संच, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत सहसा 600 किलोहर्ट्झचं अंतर असतं. शिवाय अनेक रिपीटर एक बारीक खालचा सूर मागतात, 88.5 हर्ट्झसारखा. तो बोलण्याखालून सतत जातो, समोरच्या संचाचा स्पीकर तो गाळून टाकतो, आणि तो नसेल तर रिपीटर उघडतच नाही. नवखा स्वस्तातला हँडहेल्ड घेतो, फ्रिक्वेन्सी लावतो, आणि सगळे स्पष्ट ऐकू येतात. तो बोलतो, उत्तर नाही. पुन्हा बोलतो, उत्तर नाही. तो सूर, म्हणजे टोन, लावलेला नाही हे त्याला कोण सांगणार? त्याचा समज होतो की इथली मंडळी आपल्याला विचारत नाहीत. किती उत्साही माणसं या एका सेटिंगपाशी हरवली असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटलं. ताईंच्या क्लबात नव्या मेंबराचा संच आधी टेबलावर येतो, केबल लावून त्यात रिपीटरचे चॅनेल भरले जातात आणि शेजारच्या खोलीतून पहिला कॉल करवून घेतला जातो.

त्याहून मोठी अडचण वाट पाहण्याची. परीक्षा, निकाल, पडताळणी आणि मग परवाना, यात महिने जातात. अभ्यासाच्या वेळी फुललेला विद्यार्थी कॉलसाइन हाती येईपर्यंत दुसऱ्याच छंदात गेलेला असतो. या काळात त्याला प्रक्षेपण करता येत नाही, आणि बरेच क्लब त्याला तोवर विसरतात. खरं तर करण्यासारखं भरपूर आहे. दोन मीटरसाठी सुमारे अर्धा मीटर लांबीचे तांब्याचे पाच तुकडे आणि एक कनेक्टर एवढ्यात चांगला ग्राउंड प्लेन अँटेना होतो. 'फॉक्स हंट'मध्ये झुडपात लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा असतो. पीव्हीसी पाइपवर मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्या बसवून केलेला यागी अँटेना घेऊन मुलं रानभर पळतात. त्यात फक्त ऐकायचं असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रं प्रक्षेपित होतात तेव्हा साधा हँडहेल्ड आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. पडद्यावर ओळीओळीने उमटणारं चित्र एकदा पाहिलेला मुलगा सहसा हा छंद सोडत नाही.

मग घराचा प्रश्न. सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावायला परवानगी मिळवणं परीक्षेपेक्षा अवघड, असं मला एकाहून अधिक जणांनी सांगितलं. घरून लांब पल्ल्याचं एचएफ जमत नसेल तर क्लबचं स्टेशन हाच आधार, आणि त्याची किल्ली मोजक्याच ज्येष्ठांकडे असेल तर तोही आधार नावापुरता. बायकांची अडचण आणखी वेगळी. नेटवर बाईचा आवाज आला की एकदम चारपाच जण तिच्याशीच बोलायला धावतात. हा कौतुकाचा मारा उपेक्षेइतकाच अवघडवणारा असतो. ताई अशा वेळी रांग लावतात: एका वेळी एकच, आणि प्रश्न तिच्या संचाविषयी.

या क्लबची सगळी घडी आज एका बाईंवर उभी आहे. त्या गावाला गेल्या की नेट पुन्हा जुन्यांच्या गप्पांवर येतं. म्हणून क्लबच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: कंट्रोलला दर महिन्याला नवा माणूस बसवा, आणि गेल्याच वर्षी परवाना मिळालेल्यालाही बसवा. वाचकांपैकी कुणाला यात यावंसं वाटत असेल तर जवळच्या क्लबला परीक्षेच्या आधीच भेटा आणि नेट ऐकायला बसू द्या म्हणून सांगा. परीक्षेसाठी वयाची अट 12 वर्षांची आहे, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स लागत नाही.