इंग्रजीतील दीर्घ शब्दांचे विभाजन : अक्षर, आघात आणि शब्दघटक

प्रस्तावना :
मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी वाचताना दीर्घ शब्दापाशी अडखळतो, हा महाविद्यालयीन अध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे. वर्गात तो असा शब्द टाळतो. मुलाखतीत मात्र ते शक्य होत नाही. प्रस्तुत लेखकानेही अध्यापनाच्या प्रारंभी असे शब्द फळ्यावर तोडून दाखविले आणि सर्व तुकडे सारख्याच जोराने म्हणवून घेतले. स्पेलिंग पाठ झाले, उच्चार सदोषच राहिला. दीर्घ शब्दाचे विभाजन अर्थानुसार आणि उच्चारानुसार असे दोन प्रकारे होते व ती दोन्ही जुळतीलच असे नाही, ही बाब त्यात निसटली होती.

अर्थानुसारी विभाजन :
'बेजबाबदारपणा' या शब्दाचे बे + जबाबदार + पणा असे घटक आपण सहज ओळखतो. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द 'इर्रिस्पॉन्सिबिलिटी' याच धर्तीवर घडला आहे. त्यात नकारदर्शक उपसर्ग, 'रिस्पॉन्स' हे मूळ, विशेषण करणारा 'इबल' आणि भाववाचक नाम करणारा 'इटी' हे प्रत्यय आहेत. मूळचा 'इन्' हा उपसर्ग पुढील 'र'मुळे 'इर्' होतो. संधी शिकलेल्या विद्यार्थ्यास हे अपरिचित नाही.

उच्चारानुसारी विभाजन :
एका स्वराभोवती उच्चारला जाणारा घटक म्हणजे येथे 'अक्षर' होय. वरील शब्दात इर-रि-स्पॉन-सि-बि-लि-टी अशी 7 अक्षरे आहेत. यांतील 'सि'मधील व्यंजन मूळ शब्दाचे, तर स्वर प्रत्ययाचा आहे. म्हणजेच अक्षराची सीमा व घटकाची सीमा भिन्न आहेत.

आघाताचे स्थान :
'इर्रिस्पॉन्सिबल'मध्ये मुख्य आघात 'स्पॉन'वर असतो. 'इटी' जोडताच तो 'बि'वर सरकतो. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' यांत तो अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अक्षरावर येतो आणि आघातहीन स्वर बहुधा क्षीण होतात. मराठीत 'पणा' जोडल्याने 'जबाबदार'च्या उच्चारात असा पालट होत नाही. अडचणीचे मूळ येथे आहे. सामान्यतः 'इक', 'शन', 'इटी' हे प्रत्यय आघात आपल्या लगतपूर्व अक्षरावर आणतात. 'नेस', 'मेंट', 'ली' तो हलवीत नाहीत. 'इंजिनिअर'सारख्या शब्दांत तो अंत्य अक्षरावरच पडतो.

निष्कर्ष :
दीर्घ शब्दाचा अर्थ घटकांवरून लावावा. आघात मात्र अंत्य प्रत्ययावरून शोधावा आणि शब्दकोशातील आघातचिन्हाशी पडताळावा. हा क्रम अध्यापकाने पाळल्यास विद्यार्थ्याची दीर्घ शब्दांविषयीची भीती ओसरू शकेल.