पाटावरचे रुपये आणि पेठेतला पारखी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वह्यांच्या शेजारी चांदीच्या जुन्या रुपयांची ताटली ठेवण्याची रीत आपल्या कितीतरी पेढ्यांवर आजही आहे. वर्षातून एकदा तिजोरीतून निघणारे हे रुपये आजोबा-पणजोबांनी जमवलेले असतात. ते किती आहेत, हे घरातल्या मोठ्यांना तोंडपाठ असते. ते कोणते आहेत, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. राणीछाप आणि राजाछाप एवढीच काय ती वर्गवारी. पूजेआधी ते चिंचेने किंवा डबीतल्या पावडरीने लख्ख घासले जातात आणि पाडवा उलटला की पुन्हा लाल कापडात बांधून आत जातात.

हे गाठोडे घराबाहेर पडते ते वाटण्या होतात तेव्हा, पेठेतला जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते तेव्हा, किंवा चांदीचा भाव चढतो तेव्हा. मग ते सरळ सोन्या मारुती चौकाच्या आसपास एखाद्या सराफाच्या काट्यावर जाते. सराफ आपल्या व्यवसायाच्या रीतीने वागतो. वजन करतो, कस पाहतो, घट धरतो आणि चांदीच्या भावाने पैसे मोजून देतो. त्यात फसवणूक नाही. मात्र रुपया कोणत्या साली, कोणत्या टांकसाळीत पडला, हे काट्याला कळत नाही. ते कळणारा माणूस वेगळा असतो. त्याचे दुकान बहुधा अरुंद, पाटी लहान, काचेच्या पेटीत तांब्याची काळवंडलेली नाणी आणि मागे पुठ्ठ्याच्या खोक्यांची रांग. जुन्या नाण्यांचा व्यापार करणारा हा दुकानदार पुण्यासारख्या शहरात नेमके काय काम करतो, हे व्यापारी घरांनी तरी समजून घ्यावे असे वाटते.

प्रथम त्या ताटलीतल्या रुपयांकडेच पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा भाग. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे छाप बदलत गेले, तरी वजन आणि कस तोच राहिला. १९४० साली युद्धाच्या ओढीत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. तेव्हा ‘चांदीचे रुपये’ म्हणून एका गाठोड्यात बांधलेली नाणी एका कसाची असतीलच असे नाही. इतपत कोणताही जाणता सराफ सांगेल. पुढचे मात्र नाण्यांचा दुकानदारच सांगू शकतो. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातील साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांपैकी सात लाखांच्या आसपासच बाहेर पडले होते. बाकीचे सरकारने आटवले आणि १९१२ साली सुधारलेल्या ठशाचा रुपया काढला. संग्राहक त्या जुन्या नाण्याला ‘पिग रुपया’ म्हणतात. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ हे साल असेच दुर्मिळ आहे. शंभर रुपयांच्या गाठोड्यात असे एखादे नाणे असेल किंवा नसेलही. बहुतेक वेळा नसते. चांगला दुकानदार दहा मिनिटांत शंभर नाणी पालथी घालतो आणि स्वच्छ सांगतो की हे सगळे नेहमीचे आहेत, पूजेलाच ठेवा. त्याचे हे ‘नाही’ही मोलाचे आहे, कारण ते ऐकल्यावर घरचा माणूस निश्चिंतपणे निर्णय घेऊ शकतो.

ही पारख आपल्या समाजाला परकी नाही. पारख, नाणावटी, खजांची ही आडनावे आपल्या वह्यांत पिढ्यानपिढ्या येत आली आहेत आणि ती सगळी नाण्यांच्या व्यवहारातून निघालेली आहेत. त्याहून जुना दाखला ठक्कुर फेरूंचा. श्रीमाळ जैन कुळातले हे गृहस्थ दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीच्या आणि त्यानंतर कुतुबुद्दीन मुबारकशहाच्या काळात टांकसाळीच्या कामाशी जोडलेले होते. १३१८ साली त्यांनी ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला, तो आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. देशोदेशीच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि त्यांचा विनिमयाचा भाव असा त्याचा विषय. राजाची स्तुती नाही, कल्पनेची भरारी नाही. गादीवर बसणाऱ्या माणसाला उद्या सकाळी जे लागेल तेच त्यात आहे. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत कलकत्त्यात अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागली आणि मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली १९६१ साली तो छापला गेला. मध्ययुगीन भारतीय नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याला आज तो टाळून पुढे जाता येत नाही. घरच्या मुलाला धंदा शिकवावा म्हणून लिहून ठेवलेली टिपणे साडेसहाशे वर्षांनी इतिहासाचे साधन झाली.

पुण्यापुरते बोलायचे तर पेशवाईत या पारखीवाचून बाजार चाललाच नसता. टांकसाळी मक्त्याने चालत आणि ठिकठिकाणचे रुपये एकाच वेळी बाजारात फिरत. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा रुपया, सुरती, अर्काटी, प्रत्येकाचा भाव वेगळा आणि तोही दर महिन्याला हलणारा. एका जातीचा रुपया देऊन दुसऱ्या जातीचा घेताना जी कसर कापली जाई तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार त्याच गादीवरून घरात आला. खणखणीत वाजणारे नाणे, बद्द वाजणारे नाणे, बंदा रुपया, हे सारे शब्द सराफाच्या बोटांतून आपल्या बोलण्यात उतरले आहेत. गंमत पाहा, अंकुशाचे चिन्ह असलेल्या या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि पुण्याचा उल्लेख औरंगजेबाने दिलेल्या ‘मुहियाबाद’ या नावासह. वाचता न येणाऱ्याला हे नाणे मोगलांचे वाटते. ते शनिवारवाड्याच्या सावलीत चाललेले नाणे आहे, हे सांगायला जाणकार लागतो.

या रुपयांवर पुष्कळदा लहान लहान छिन्न्यांच्या खुणा दिसतात. चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे पाहण्यासाठी सराफांनी त्या मारलेल्या असतात. आजचे संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात; त्यांच्या लेखी तो डाग. मला मात्र तशी नाणी अधिक आवडतात. त्या प्रत्येक खुणेमागे कोणा सराफाने पणाला लावलेली पत आहे.

आता शिवराई. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ साली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, दोन्ही देवनागरीत. होन अत्यंत दुर्मिळ. शिवराई मात्र पुढे पेशवाईतही त्याच अक्षरांनी निघत राहिली आणि इंग्रजी अमलातही लोकांच्या हातात फिरत राहिली. त्यामुळे तिचे प्रकार असंख्य. कोठे अक्षरांचे वळण निराळे, कोठे ‘शिव’ऐवजी ‘सिव’, कोठे कडेला ठिपक्यांची माळ, तर ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी उत्तरकाळातली. मराठी टांकसाळींचा आणि नाण्यांचा पद्धतशीर आढावा के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात घेतला. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने तो १९८९ साली प्रसिद्ध केला. पण अशा ग्रंथाला लागणारी नाणी आधी कोणीतरी आटणीतून वाचवलेली असावी लागतात. तांब्याच्या नाण्याला सराफ विचारत नाही. ते भंगारात जाते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपे, पितळी दिवे आणि मोडकी घड्याळे यांच्या मधोमध तांब्याची जी ढिगारी दिसते, तीतून शिवराई निवडून बाजूला काढणारा हात याच दुकानदारांचा असतो.

नवशिक्या संग्राहकाची शाळाही तीच. पुस्तकातले छायाचित्र नाण्याचे वजन सांगत नाही, आणि मोबाइलच्या पडद्यावर नाण्याची कड दिसत नाही. दुकानदार वीस-पंचवीस शिवराया कापडावर पसरतो आणि मुलाला एकेक हातात घ्यायला लावतो. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे कशी उठतात, साच्यात ओतलेल्या नकलेची कशी बुजतात, कडेवर जोडाची रेघ कशी राहते, भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे कसे दिसतात, हे तो दाखवतो. बऱ्याच जणांच्या खणात एखादी नक्कल मुद्दाम ठेवलेली असते, केवळ शिकवण्यासाठी. महिनाभर असे बसलेला मुलगा नकली नाणे डोळे मिटून ओळखू लागतो.

या शिक्षणाची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. राम-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी यांच्या प्रतिमा असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेले आणे-अर्धे आणे गावोगाव लाखो रुपयांच्या गोष्टींसह फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. दुसरा प्रकार फोनवरचा. अमुक क्रमांकाची पाच रुपयांची नोट असेल तर लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे शुल्क भरा, असा निरोप येतो. रिझर्व्ह बँकेचे नाव सर्रास वापरले गेल्यामुळे बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी खुलासा करावा लागला की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही. भले शिकलेले लोक यात फसतात. पेठेतल्या दुकानात ती नोट नेली असती तर चहाच्या पेल्याएवढ्या वेळात उत्तर मिळाले असते.

दुकानदार साधू नव्हे, हेही सांगायला हवे. तो घेतो कमी भावाने आणि विकतो अधिक भावाने. मधल्या अंतरावर त्याचे घर चालते, आणि काही माल दहा-दहा वर्षे पडून राहतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण नाणे घासून चकचकीत करून विकणारे, प्रत्येक शिवराईला रायगडाची कथा जोडणारेही बाजारात आहेत. म्हणून मोठा व्यवहार असेल तर दोन दुकाने फिरावीत, पक्के बिल मागावे, आणि खोटे निघाल्यास परत घेईल का, हे आधीच विचारावे. ज्याची गादी त्याच जागी उद्याही असणार आहे, तो बहुधा ‘हो’ म्हणतो. खरोखर दुर्मिळ नाण्याला मोठ्या लिलावात चांगली किंमत येते, हेही खरे. प्रामाणिक दुकानदार स्वतःच तो मार्ग सुचवतो. पण पन्नास-शंभर रुपयांचे नाणे लिलावाच्या यादीत चढत नाही, आणि कुरियरचा खर्चही त्याला पेलत नाही. सामान्य नाण्याला दुकान हाच एक आसरा आहे. कोणाला मिरजेच्या टांकसाळीची नाणी हवीत, कोण फक्त शिवराईची वळणे जमवतो, हे त्याच्या डोक्यात असते. पुण्यातील ‘इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स’ ही संस्था ‘कॉइनेक्स’ नावाचे प्रदर्शन भरवते. तेथे हे दुकानदार आणि संग्राहक एकत्र दिसतात.

नाणी एकत्र राहण्याला किती अर्थ असतो, त्याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचे. १९०६ साली तेथे एका ठेव्यात नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या एका ढिगाने सिद्ध केले. ती नाणी मुठी-मुठीने आटवली गेली असती, तर हाती फक्त चांदी उरली असती.

यावरून कायद्याचे दोन शब्द. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात, म्हणजे वाड्याच्या भिंतीतसुद्धा, लपवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वाडा पाडताना मजुराच्या हाती मडके लागले तर ते दुकानात नेऊ नये. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून राणीछाप रुपया देण्याआधी हे ध्यानात असावे.

यंदा वहीपूजनाआधी ताटलीतले रुपये घासू नका. घासण्याने अक्षरांची धार आणि धातूवर चढलेली काळाची झिलई जाते, आणि तिच्यासोबत संग्राहक देणारी किंमतही. कोरड्या मऊ कापडाने पुसले तरी पूजेला चालतात. ज्या पिशवीत, ज्या चिठ्ठीसह ते मिळाले ती पिशवी आणि चिठ्ठी जपावी. मोडी अक्षरांत एखादे नाव-गाव लिहिलेले असते. मग एखाद्या निवांत दुपारी, घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन, सगळी नाणी एकत्र दुकानात न्यावीत. विकायची नाहीत असे आधीच सांगावे. बघण्याचे पैसे तो बहुधा घेत नाही. तो नाणी एकेक करून कागदी पाकिटांत घालील आणि वर पेन्सिलीने टांकसाळ, साल आणि वजन लिहील. घरी आल्यावर तीच माहिती मुलाने नव्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यावी, आणि नाणे कोणत्या पणजोबांच्या हातचे, कोणत्या गावच्या पेढीवरचे, हे आजींना विचारून शेजारच्या रकान्यात लिहावे. तो रकाना दुकानदाराला भरता येत नाही.