परदेशी प्लेसमेंटची तयारी सातपुड्याच्या पायथ्याशी

जळगाव, अमळनेर, चोपडा किंवा धुळ्याजवळच्या मोराण्यात समाजकार्य शिकणाऱ्यांमध्ये परदेशी प्लेसमेंटचा विषय निघाला, की गाडी इंग्रजीवर येऊन थांबते. इंग्रजी सुधारलं की तयारी झाली, हा सगळ्यात मोठा गैरसमज. इंग्रजी हवंच, पण ते सहकाऱ्यांशी बोलायला आणि अहवाल लिहायला. ज्यांच्यासाठी काम करायचं, ती माणसं बऱ्याचदा तिसरीच भाषा बोलतात आणि सगळं दुभाष्यामार्फत चालतं.

हे शिकायला शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातला पावरा आदिवासींचा पाडा पुरेसा आहे. अहिराणी बोलणाऱ्या मुलीलाही पावरी कळत नाही. पाड्यावरची बाई बराच वेळ बोलते आणि अंगणवाडीताई एका वाक्यात सांगते, "पाण्याचा त्रास आहे म्हणते." बाकीचं कुठे गेलं? तिथे थांबून विचारायला हवं, "ताई, ती आणखी काय म्हणाली?" प्रश्न छोटे ठेवायचे, बोलताना बाईकडे बघायचं, आणि बाईचं म्हणणं व ताईने लावलेला अर्थ डायरीत वेगवेगळा लिहायचा. ही सवय इथे लागली नाही, तर नैरोबीतही लागणार नाही.

गोपनीयतेचे कडक नियम फक्त परदेशात असतात, हेही खरं नाही. क्षेत्रकार्याच्या अहवालात, व्हॉट्सॲप स्टेटसवर मुलांचे फोटो सर्रास दिसतात, याचा मला राग येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणं हा इथेही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एमएसडब्ल्यू झालं की कुठेही नोकरी करता येते, असंही नाही. इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' म्हणवून घ्यायला 'सोशल वर्क इंग्लंड'कडे नोंदणी लागते. ऑस्ट्रेलियातल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १,००० तासांचं क्षेत्रकार्य असतं, म्हणून आपल्या तासांची सहीशिक्क्यासह नोंद पहिल्या वर्षापासून जपा.

कागदपत्रं शेवटच्या महिन्यात होत नाहीत. विनामोबदला कामालाही पर्यटक व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका, त्या देशाचा नियम आधी वाचा. पोलीस पडताळणी दाखला, पदवीचं अपोस्टिल (परदेशासाठीचं प्रमाणीकरण) यांना वेळ लागतो. केनियासारख्या देशात जायचं तर पीतज्वराची लस घ्या. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि तो नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.