घुसळण

ताक घुसळताना रवी एकाच दिशेने गरगरत नाही. दोरीचं एक टोक ओढलं की ती इकडे वळते, दुसरं ओढलं की तिकडे. अमेरिकेतल्या जुन्या, वरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या टबात मधोमध एक पातीदार खांब उभा असतो. त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात आणि त्याची चाल हीच. खालची मोटर एका दिशेने फिरत राहते, तेलात बुडालेली दातेरी चाकं त्या फिरण्यातून ही ये-जा काढतात. अशी मशीन जमवणारी माणसं झाकण उघडं ठेवून कपडे धुतात, ते ही घुसळण बघण्यासाठी. मला त्यांचं हे बघणं पूर्ण पटतं.

त्याआधीच्या मशीनवर रसवंतीच्या चरकासारखे दोन रूळ असत. धुतलेला कपडा हाताने त्यांत सरकवून पिळायचा, बोटं सांभाळायची. १९३७ साली बेंडिक्सचं मशीन आलं आणि धुणं, खळबळणं, पिळणं एकाच पिंपात आपोआप होऊ लागलं. पिंपाला स्प्रिंगांचा आधार नव्हता. पिळताना मशीन चालू लागू नये म्हणून ते बोल्टांनी जमिनीला जखडावं लागे. मग युद्धामुळे १९४२ पासून घरगुती मशीनचं उत्पादन थांबलं.

युद्धानंतरचं १९४७ हे संग्राहकांचं लाडकं वर्ष. जनरल इलेक्ट्रिक आणि केनमोर यांची स्वयंचलित मशीन त्याच वर्षी आली आणि फ्रिजिडेअरचंही. फ्रिजिडेअर तेव्हा जनरल मोटर्सची होती. तिथल्या केनेथ सिसन यांच्या रचनेत घुसळण नव्हतीच. मधला खांब उखळातल्या मुसळासारखा खालीवर होई. रवी आणि मुसळ, घरातल्या दोन जुन्या चाली कंपन्यांनी लोखंडात उतरवल्यासारखं वाटतं.

पण या साऱ्या यंत्रांचं मन टायमरमध्ये असतं. गोल बटणाच्या मागे एक चिमुकली मोटर उंचसखल कडांच्या चकत्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकवते. प्रत्येक चकतीवर तांब्याची पट्टी टेकलेली. कड उंचावली की पट्टी जोडली जाते, खाली आली की सुटते. एक चकती गरम पाण्याची, एक गार पाण्याची, एक मोटरची. कोणती पट्टी कितव्या टप्प्यावर जुळते याचा घडी केलेला कागदी तक्ता बऱ्याचदा मशीनच्या आतच मिळतो. तो वाचता येणाऱ्याला नुसत्या ‘टक्’ आवाजावरून पुढे काय होणार हे कळतं.

ही चिमुकली मोटर विजेच्या ठेक्यावर चालते. अमेरिकेत हा ठेका सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. असं मशीन कुणी हौसेने इकडे आणलं, तर ट्रान्सफॉर्मर लावून त्याचा व्होल्टेजचा प्रश्न सुटतो. पण १० मिनिटांची धुलाई १२ मिनिटं चालते, आणि घुसळणही मंदावते.

व्हर्लपूलच्या पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये मोटर चालू असेपर्यंत दोन विद्युतचुंबकं डावी-उजवीकडे डुलत असतात. टायमर ज्यात वीज सोडतो ते आपला दांडा खेचतं आणि घुसळण किंवा पिळणं सुरू होतं. ही रचना १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

पडून राहिलेलं मशीन मात्र बिघडत जातं. सील आणि पट्टे कडक होतात, बेअरिंगमध्ये गंज शिरतो. म्हणून संग्राहक मशीन काचेआड ठेवत नाहीत, पाळीपाळीने रोजचं धुणं त्यांत टाकतात. पाणी खूप लागतं, एका धुण्याला दीडशे लिटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या कुणालाही हा आकडा टोचेल, आणि टोचावाच.

त्याच काळातल्या काही मशीनना साबणाचं पाणी राखण्याची सोय होती. पांढरे कपडे झाले की मशीन ते पाणी शेजारच्या मोरीत सोडी. मोरीला बूच लावलेलं असे. गाळ तळाशी बसे. मग पंप उलटा चाले, वरचं पाणी पुन्हा टबात येई आणि त्यात रंगीत कपडे पडत, शेवटी कामावरचे मळके. आपल्याकडे हेच पाणी बादलीत धरून ठेवतात, आणि पायपुसणी भिजवून झाली की त्यानेच न्हाणीघर घासतात.