पाव मैलाचा नाद

मराठी भाषेने ‘नाद’ ह्या एका शब्दात दोन गोष्टी मोठ्या खुबीने बांधून ठेवल्या आहेत. कानावर पडतो तोही नाद आणि माणसाला लागतो तोही नाद. पहिला क्षणात विरून जातो. दुसरा जन्मभर सुटत नाही. गाण्याचा नाद लागलेली माणसे आपण पुष्कळ पाहतो. एखाद्या जुन्या नाट्यपदाच्या तबकडीसाठी मुंबईचा चोरबाजार पालथा घालणारे शौकीनही आपल्या परिचयाचे असतात. परंतु मोटारींच्या निव्वळ गडगडाटाच्या तबकड्या जमविणारी आणि त्या लेकरासारख्या सांभाळणारी माणसेही ह्या जगात आहेत, असे सांगितले तर फटाक्यांनी कान किटलेले आपण दिवाळीच्या दिवसांत हसूच. हसावे खुशाल, पण ह्या छांदिष्टांची हकिगत एकदा ऐकून मग हसावे.

ह्या तबकड्या आहेत अमेरिकेतल्या ‘ड्रॅग रेसिंग’ नावाच्या शर्यतींच्या. ही शर्यत वर्तुळात फिरत नाही, तिला वळण नाही. आपल्या विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती समजावून सांगण्याची गरजच नाही. सरळ पट्टी, शेजारी-शेजारी दोघे, इशारा होताच झेप आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल! बैलांच्या जागी मोटारी घाला आणि पट्टी पाव मैलाची, म्हणजे १,३२० फुटांची धरा, की झाली ड्रॅग शर्यत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या मोटारी मोडून-जोडून रस्त्यांवर, ओसाड धावपट्ट्यांवर पळवू लागली. त्या धांदलीला शिस्त आली ती १९५० नंतर. त्या वर्षी सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स ह्या गृहस्थांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. १ ऑगस्ट १९६४ रोजी डॉन गार्लिट्स ह्या प्रख्यात चालकाने पाव मैलाच्या अखेरीस ताशी २०१ मैलांहून अधिक वेग गाठला. उभ्या गाडीपासून ह्या वेगापर्यंत जाण्यास त्याला आठ सेकंदही लागले नव्हते.

आता इतक्या थोड्या वेळात इतका वेग गाठायचा म्हणजे इंजिनाला जेवणही तसेच हवे. ह्या गाड्या पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन नावाचे द्रव्य जाळू लागल्या. पेट्रोलचा एक भाग जाळण्यास सुमारे पंधरा भाग हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे त्याचे काम दोन भागांहूनही कमी हवेवर भागते. साहजिकच प्रत्येक स्फोटामागे कितीतरी अधिक इंधन सिलिंडरमध्ये कोंबता येते. ते सगळे आत जळून संपत नाही. नळीच्या तोंडाशी ज्वाळा फुलतात आणि जो आवाज निघतो तो कानांनी ऐकण्यापेक्षा बरगड्यांनीच ऐकावा लागतो. शर्यत पाहण्यास जाणाऱ्यांपैकी निम्मेअधिक लोक डोळ्यांसाठी नव्हे, तर ह्या आवाजासाठीच जात असावेत, असे मला वाटते.

आणि जे लोकांना आवडते ते विकावे हे व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. कॅपिटल ही गाण्यांच्या तबकड्या काढणारी बडी कंपनी. तिने १९६३ मध्ये ‘द बिग साउंड्स ऑफ द ड्रॅग्ज’ ह्या नावाची तबकडी बाजारात आणली. तिच्यातले गाणे म्हणजे इंजिनांची गर्जना! कॅपिटलच्याही आधी, १९५६ पासून, रिव्हरसाइड ह्या जाझ संगीतासाठी नावाजलेल्या कंपनीने फ्लोरिडातील सेब्रिंगच्या बारा तासांच्या मोटार शर्यतीचे आवाज आणि चालकांच्या मुलाखती तबकड्यांवर काढल्या होत्या. आणि त्याहीपूर्वी एमरी कुक नावाच्या अभियंत्याने रात्रीच्या वेळी धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले होते. १९५१ साली न्यूयॉर्कच्या ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात कुकच्या त्या ‘रेल डायनॅमिक्स’ तबकडीने लोकांना अक्षरशः खिळवून ठेवले.

संगीत सोडून हा खडखडाट ऐकण्याची हौस तेव्हाच का फोफावली, ह्याचे उत्तर यंत्रविद्येत आहे. १९४८ मध्ये दर मिनिटाला सवातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी, व्हायनलची लांब चालणारी तबकडी आली. लाखेच्या जुन्या तबकडीची खरखर पुष्कळ कमी झाली. १९५७-५८ च्या सुमारास दोन बाजूंनी ऐकू येणारा स्टीरिओ आवाज आला. तबकडीवरच्या एकाच चराच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायचे, अशी ती युक्ती. घरात नवे यंत्र आणणाऱ्याला त्याचा चमत्कार पाहुण्यांना दाखवायचा असे, आणि त्यासाठी गवई काय कामाचा? तो बापडा एका जागी बसून गातो! आगगाडी मात्र डाव्या भिंतीतून येऊन उजव्या भिंतीतून निघून जाते. ऑडिओ फिडेलिटी कंपनीने १९५७ साली स्टीरिओची पहिली नमुना-तबकडी काढली, तेव्हा एका बाजूस जाझ संगीत आणि दुसऱ्या बाजूस आगगाडीचे आवाज होते, ते उगीच नव्हे. दिवाणखाना ओलांडून जाणारी शर्यतीची मोटार हे त्याच आगगाडीचे धाकटे, द्वाड भावंड.

येथपर्यंत ही केवळ एक गंमत आहे. गंमतीचे मोल पुढे वाढले ते मात्र एका दुःखामुळे. ज्या पट्ट्यांवर हे आवाज उठले, त्या पट्ट्या एकेक करून मिटत गेल्या. सांता आनाची शर्यत १९५९ मध्ये संपली; तेथे आज विमानांची गजबज आहे. लॉस एंजलिसच्या बंदराजवळ लायन्स नावाची पट्टी होती. रस्त्यावर जिवावर उदार होऊन गाड्या हाकणाऱ्या पोरांना सुरक्षित जागा मिळावी, म्हणून लायन्स क्लबांच्या पुढाकाराने ती १९५५ मध्ये सुरू झाली. भोवती वस्ती वाढली, गोंगाटाच्या तक्रारी वाढल्या, बंदरालाही जमीन हवी होती. २ डिसेंबर १९७२ रोजी तेथे शेवटची शर्यत झाली. दैवाचा विनोद असा, की ज्या आवाजापायी ती पट्टी बंद पडली, त्या आवाजाचीच आठवण आज लोक जपतात. जमीन, खांब, बाके सारे गेले. उरला तो गोंगाट, आणि तोही कोणी जपला असेल तरच.

खुद्द पाव मैलदेखील आता पूर्वीचा राहिला नाही. २००८ मध्ये न्यू जर्सीतील एका पट्टीवर चालकाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर त्या राष्ट्रीय संघटनेने सर्वांत वेगवान वर्गांची शर्यत हजार फुटांवर आणली. ज्या पट्टीवर तो अपघात झाला, तेथील ड्रॅग शर्यतीही २०१८ मध्ये थांबल्या. माणसाच्या जिवापुढे तीनशे वीस फुटांची काय किंमत! निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे पूर्ण पाव मैल ताणलेली जुनी गर्जना ही इतिहासाची वस्तू झाली.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांचा असा संग्रह मी पाहिला. गृहस्थांनी ऐंशी ओलांडलेली. उमेदीची वर्षे यंत्रशाळेत गेलेली. मोटार ठेवण्याच्या खोलीत मोटार नव्हती, तबकड्यांची फडताळे होती. त्यांनी एक तबकडी लावली. इंजिन खोल घशात गुरगुरले, मग आभाळ फाटावे तसा आवाज झाला, आणि काही सेकंदांत सारे शांत. मला वाटले, संपले. त्यांनी बोट वर करून मला थांबविले. त्या शांततेत गर्दीची नुसती कुजबुज होती; मग एकाएकी आरोळी उठली. ते म्हणाले, “गर्जना काय, कोणालाही ऐकू येते. मी तबकडी लावतो ती ह्या मधल्या शांततेसाठी. शेवटच्या रेषेपलीकडे गाडी थांबविण्यासाठी मागची छत्री उघडली की नाही, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसे. आम्ही सारे श्वास रोखून उभे असू. छत्री उघडली, की ही आरोळी.”

मराठी शिकविणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते. काव्यात अर्थ शब्दांइतकाच दोन शब्दांमधल्या विरामातही असतो. परंतु तो विराम कोणता, हे सांगणारा माणूस नाहीसा झाला, की तबकडी असूनही ती मुकी होते. त्या गृहस्थांच्या मुलांना ह्या पसाऱ्यात गोडी नाही. म्हणून माझा विद्यार्थी दर शनिवारी त्यांच्याकडे बसतो, एकेक तबकडी संगणकावर उतरवून घेतो आणि ते जे जे सांगतील ते टिपून ठेवतो.

हे जतनाचे काम वाटते तितके सोपे नाही. तबकडीचे दुर्दैव असे, की ती ऐकावी तर झिजते आणि जपावी तर ऐकता येत नाही. त्यातून ह्या तबकड्या विकत घेतल्या पोरासोरांनी. जड सुईच्या स्वस्त यंत्रांवर, आवाज पुरा चढवून त्या वाजविल्या. त्यामुळे धड स्थितीतली प्रत विरळा. तबकड्या पुस्तकांसारख्या ताठ उभ्या ठेवायच्या, तिरक्या किंवा एकावर एक नाहीत, नाहीतर त्या वाकतात. ऊन आणि दमट हवा टाळायची. हात लावायचा तो कडेला आणि मधल्या कागदाला. चरांना बोट लावायचे नाही. पाणी वापरायचे ते ऊर्ध्वपातित. जुन्या लाखेच्या तबकडीला मद्यार्काचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कारण लाख त्यात विरघळते.

गाण्याच्या तबकडीला न येणाऱ्या दोन अडचणी येथे आणखी येतात. तबकडीवरच्या ओरखड्यांची टकटक संगणक ओळखून पुसून टाकतो. पण इंजिनाचे फटफटणेदेखील तशाच तुटक ठोक्यांचे बनलेले! ओरखडा कोणता आणि इंजिन कोणते, हे यंत्राला कळत नाही, आणि साफसफाईच्या उत्साहात मूळ आवाजच पुसला जातो. म्हणून जाणकार पहिली प्रत जशीच्या तशी, ओरखड्यांसकट, उतरवून ठेवतात आणि दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीवर. दुसरी अडचण वेगाची. तबकडी किंचित जलद फिरली तर गाण्यात सूर चढलेला कळतो. इंजिनाला कोठला आलाय षड्ज? अशा वेळी निवेदकाचा बोलण्याचा आवाज आणि त्याने पुकारलेले शर्यतीचे सेकंद हाच काय तो आधार. वेष्टनावरचा मजकूर आणि तबकडीच्या मध्याजवळ, रिकाम्या जागेत कोरलेले अंकही टिपून ठेवायचे. ती कोणत्या छपाईची आहे, हे त्यांवरून उलगडते.

एवढे करून प्रत तयार झाली, तरी ती जगाला मोकळेपणी वाटता येत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांवरचे हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत चालतील. बाजारात न मिळणारी मुद्रिका विनामोबदला वापरण्यास, रीतसर शोध घेऊन सरकारी कचेरीत नोंद केल्यास, वाट आहे. पण तेवढी यातायात किती जण करणार? बरे, मालकांकडे मूळ फिती सुरक्षित असतीलच म्हणावे, तर १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफितीही भस्मसात झाल्या. नुकसान किती, ह्याचा वाद पुढे पुष्कळ झाला. पण मालकाच्या कोठीतही आग शिरते, एवढे त्यावरून खास कळले. एमरी कुकचे भाग्य थोर. त्याचा संग्रह १९९० मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे सुखरूप गेला. सगळ्यांच्या नशिबी स्मिथसोनियन नसते. पुष्कळांच्या नशिबी फक्त एक म्हातारा आणि त्याचे फडताळ असते.

ह्या परक्या मुलखातल्या गडगडाटाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. मला त्यात आपलेच चित्र दिसते. मोटारसायकलला आपल्या लोकांनी ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरून. आज रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या, फटफट न करणाऱ्या गाड्या आल्या आहेत. शब्द राहील आणि त्यामागचा आवाज जाईल. जात्याची घरघर, मोटेच्या चाकाची कुरकुर, गावच्या पिठाच्या गिरणीवरच्या तेल-इंजिनाचे पुक्‌ पुक्‌ ह्यांची गत काय झाली? भर दुपारी दोन शेते ओलांडून ते पुक्‌ पुक्‌ ऐकू आले, की ‘गिरणी सुरू झाली, दळण काढा,’ असे घरात म्हणत. त्याला कोणी संगीत म्हटले नाही, म्हणूनच ते जपण्याचे कोणाच्या मनात आले नाही. गाणे जपायला रसिक असतात; गोंगाटाला कोणी वाली नसतो.

आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. एखाद्या गावी असे जुने इंजिन अजून धडधडत असेल, तर पाच मिनिटे उभे राहून त्याचा आवाज टिपावा. गाव, तारीख, इंजिन कोणते, ते चालविणारा कोण, एवढे लिहून ठेवावे. आणि तेवढ्यावर न थांबता त्या चालविणाऱ्याला शेजारी बसवून विचारावे, की बाबा, ह्यात तू नेमके काय ऐकतोस? आवाज यंत्र टिपील. त्यातली शांतता कोणती, हे मात्र तोच सांगू शकेल.