घरासाठी पोर्टेबल जनरेटर घेताना : आधी हिशेब पंपाचा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतील अनेक गावांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. अशा वेळी इन्व्हर्टर पुरत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत साधारण १,८०० वॅट-तास ऊर्जा मावते. पंखे-दिव्यांवर ती एका रात्रीत संपते आणि पुन्हा चार्ज करायला वीजच नसते. विहिरीवरचा पंप बंद, म्हणजे टाकीत पाणीही नाही. अशा घरांना पोर्टेबल जनरेटर उपयोगी पडतो; मात्र तो नीट निवडायला हवा.

किती क्षमतेचा घ्यावा?

आधी कागदावर यादी करावी. तीन पंखे २२५ वॅट, सहा एलईडी दिवे ६०, मोबाइल चार्जर व राउटर ५० आणि फ्रिज १५० धरला, तर बेरीज ४८५ वॅट होते. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढते. फ्रिजचा कॉम्प्रेसर त्या क्षणी ६०० वॅट मागतो असे धरले, तर गरज ९३५ वॅटवर जाते. त्यासाठी दीड किलोवॅटचा जनरेटर पुरेल.

खरा फरक पंपाने पडतो. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना सुमारे १,००० वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या दोन-तीन पट किंवा अधिकही. त्यामुळे पंप चालवायचा असेल, तर किमान तीन किलोवॅट हवेत. तेही पाणी चढेपर्यंत फ्रिज बंद ठेवून. बोअरवेलचा पंप असेल, तर त्यावरील पाटी वाचून इलेक्ट्रिशियनला विचारावे.

लेबलवर काय पाहावे?

खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. हिशेबात सतत मिळणारी, म्हणजे ‘रेटेड’ क्षमता धरावी. केव्हीए आणि किलोवॅट एकच नव्हेत: पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर तीन केव्हीएचे २.४ किलोवॅटच होतात.

साधा की इन्व्हर्टर जनरेटर?

साध्या जनरेटरचे इंजिन लोड कमी असो वा जास्त, ठरावीक वेगानेच फिरते. इन्व्हर्टर जनरेटर लोडप्रमाणे वेग बदलतो. त्यामुळे इंधन वाचते, आवाज कमी होतो आणि लॅपटॉपसारख्या उपकरणांना स्थिर वीज मिळते. तो महाग असतो. पंपच मुख्य गरज असेल, तर साधा जनरेटर परवडतो.

तो ठेवणार कुठे?

हा प्रश्न किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही आणि जीव जातो. घरात, पडवीत, बंद गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली जनरेटर कधीही चालवू नये. तो घरापासून किमान २० फूट दूर, चहूबाजूंनी उघड्या छपराखाली, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवावा. एवढी मोकळी जागा नसलेल्या फ्लॅटसाठी जनरेटर हा पर्यायच नव्हे.

घराला कसा जोडावा?

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घरभर वीज देणे जीवघेणे आहे. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उच्च दाबाची होऊन पुढे जाऊ शकते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात बळी जाऊ शकतो. त्यामुळे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा आणि त्याचा खर्च सुरुवातीलाच बजेटमध्ये धरावा.

घेतल्यानंतर काय?

पेट्रोल काही महिन्यांत खराब होते, म्हणून साठा थोडाच ठेवून वापरत राहावा. इंजिन थंड झाल्यावरच टाकी भरावी. महिन्यातून एकदा ऑइल तपासून जनरेटर पंपासह चालवून पाहावा. पंप उचलला जात नसेल, तर ते पावसाळ्याआधीच कळलेले बरे.